खांद्यावरचा हात

माझ्या सासरी कुणी हळू बोलत नाही. ‘जरा मीठ दे’ हेसुद्धा असं म्हणतात की नव्या पाहुण्याला वाटावं, आता इथे हाणामारी होणार. घराण्याच्या कित्येक पिढ्या मिठागरात गेल्या, खाडीच्या वाऱ्यात एका बांधावरून दुसऱ्या बांधावर ओरडण्यात गेल्या. मिठागर बंद पडलं, भातशेतीच्या जागी टॉवर आले, त्यातल्याच एका टॉवरच्या पहिल्या मजल्यावर आम्ही सगळे शेजारशेजारच्या फ्लॅटमध्ये राहतो. आवाज मात्र तेवढेच राहिले. मी दादरची, मोजकं बोलणाऱ्या नोकरदार माणसांत वाढलेली. लग्नानंतरचं पहिलं वर्ष माझं डोकं कायम ठणकत असायचं.

आणि या घरात माझा मुलगा जन्मला, जो बोलतच नाही.

हाक मारली तरी वळायचा नाही, डोळ्यांत बघायचा नाही, कुणी जवळ घेतलं की लाकडासारखा ताठ व्हायचा. फिरता पंखा, नळाची धार, खेळण्यातल्या गाडीचं चाक, यांच्याकडे मात्र तासन्‌तास बघत बसायचा. डॉक्टरांनी सांगितलं, मूल स्वमग्न आहे. मग घरातल्या प्रत्येकाने आपापलं निदान केलं. नवऱ्याची आत्या म्हणाली, मी दिवस गेलेले असताना फार पुस्तकं वाचत बसले, म्हणून पोर असं झालं. नवरा म्हणाला, होईल हळूहळू ठीक, आणि त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. मला दोघांचाही सारखाच राग आला.

पूनम सागर वसाहतीत एक बाई अशा मुलांना शिकवायच्या. मी त्याला रिक्षाने त्यांच्याकडे न्यायचे. त्या चित्रांची कार्डं दाखवायच्या, पाणी हवं तर पाण्याचं कार्ड उचल, पोळी हवी तर पोळीचं. बाई फार मायाळू होत्या आणि चिकाटीच्याही. माझा मुलगा त्यांच्या कार्डांच्या कडा चाटून मऊ करायचा.

त्याला पहिली गोष्ट शिकवली ती माझ्या सासऱ्यांनी, आणि तीही मिठागरातली. मिठागरात खाडीचं पाणी आत घ्यायला बांधात एक दगडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. तिच्या खाचांत लाकडी फळ्या बसवलेल्या असतात. एक माणूस पायरीवर बसून फळी धरतो, दुसरा त्याच्या मागे उभा राहून पाणी किती चढलं ते बघतो. भरतीच्या वाऱ्यात कितीही ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून मागचा माणूस खांद्यावर हात ठेवतो. हात पडला की फळी सोडायची. त्याच्या आधी नाही, कितीही हात भरून आले तरी नाही. सासऱ्यांचं तरुणपण या फळ्या धरण्यात गेलं होतं.

“याला बोलून समजाचा न्हाय, पोरी,” ते मला म्हणाले. “याच्या खांद्याला समजतंय.”

आणि खरंच समजायला लागलं. चेंडू हातात द्यायचा, खांद्यावर हात ठेवायचा, की तो चेंडू सोडायचा. घास तोंडाशी धरून हाताची वाट बघायचा. झोपाळा सोडून उतरायचा. जे आम्हाला कुणाला जमलं नव्हतं ते या म्हाताऱ्याने काही आठवड्यांत करून दाखवलं, आणि पूनम सागरच्या बाईसुद्धा खूश होऊन म्हणाल्या, हे चालू ठेवा. फक्त एक गोष्ट कुणी करायची नसे. त्याच्या हातातली वस्तू ओढून घ्यायची नाही. ओढली की तो त्या वस्तूसकट स्वतःला फेकून द्यायचा, मग समोर भिंत असो नाहीतर जिना. त्याच्या हनुवटीवरचा व्रण त्यातलाच आहे.

त्या वर्षी श्रावणात मला सातवा महिना होता. आमच्या घरात कुणी मासेमारी करत नाही, पण खाडीने एवढी वर्षं मीठ दिलं म्हणून नारळी पौर्णिमेला तिचा मान राखायचा, आणि नारळ घरातल्या मुलाने सोडायचा, अशी रीत आहे. उघाडीच्या फळ्या केव्हाच कुजून गेल्या आहेत. दोन बाजूंचे दगड आणि पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या तेवढ्या उरल्यात. आमच्या इमारतीच्या मागच्या फाटकातून बाहेर पडलं की बांधावरून चालत तिथे जाता येतं. नारळाला आंघोळ घातली, हळद-कुंकू लावलं, जरीकाठाच्या नव्या लाल कापडात गुंडाळला आणि माझ्या मुलाच्या दोन्ही हातांत दिला. एवढ्या गर्दीत तो किंचाळेल म्हणून मी नको नको म्हणत होते.

तो किंचाळला नाही. खालच्या पायरीवर हात लांब करून, नारळ पाण्यावर धरून उभा राहिला. सासऱ्यांनी मागून खांद्यावर हात ठेवला. त्याने नारळ सोडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि माझा मुलगा मागे वळला आणि हसला. पंख्याकडे बघून नाही, माणसांकडे बघून. सहा वर्षांत पहिल्यांदा. मी तिथेच, सगळ्यांच्या देखत, ढसाढसा रडले.

त्यानंतर घरातल्या वस्तू जायला लागल्या.

सासरे त्याला रोज संध्याकाळी बांधावर फिरायला न्यायचे. पहिल्यांदा गेली ती निळी गाडी, जिचं चाक तो झोपेपर्यंत फिरवत बसायचा. मग त्याचा लाल मग. मग स्टीलचं एक झाकण, जे फरशीवर फिरवून तो त्याचा आवाज ऐकायचा. सासऱ्यांना कौतुक होतं. ते सांगायचे, पायरीवर उभा राहतो, माझ्या हाताची वाट बघतो, सोडतो आणि वळून टाळ्यांची वाट बघतो. मग मी वाजवतो. पोरगं खाडीला मानतंय, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मी तशीच निळी गाडी पुन्हा आणली. ती बरेच दिवस कोपऱ्यात पडून राहिली. मग तो तिला उशाशी घेऊन झोपायला लागला, आणि लगेच ती गेली.

एक दिवस त्याची खेळण्यांची टोपली आवरताना माझ्या लक्षात आलं की टोपली भरलेलीच आहे. मामाने दिलेलं विमान, आत्याने आणलेली ढोलकी, सगळं तसंच होतं. न आवडणारं काहीही त्याने नेलं नव्हतं. माझ्या मुलाला जे आवडतं ते तो पाण्याला देतो, हे मला तेव्हा समजलं.

आमच्या जिन्याखाली त्या दिवसांत एक मांजराचं पिल्लू होतं. माझा मुलगा त्याच्याजवळ बसून त्याच्या पाठीवर एक बोट ठेवायचा, बाकी काही नाही. नंतर ते पिल्लू दिसेनासं झालं. मी सासऱ्यांना विचारलं. “मांजराचा काय, जातंय कुठंपन,” असं ते म्हणाले, पण माझ्याकडे न बघता. मी पुन्हा विचारलं नाही.

दिवाळीनंतर मला मुलगी झाली. तिला घरी आणलं त्या दिवशी तो आपणहून पलंगापाशी आला, वाकला, तिच्या टाळूवर नाक टेकवलं आणि लांब श्वास घेतला. तसाच राहिला. सगळं घर विरघळलं. नवऱ्याने मोबाइल काढून शूटिंग केलं. आत्याने डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, बहिणीला ओळखलंन हो. त्याने कुणावर तरी जीव लावावा म्हणून मी एवढी वर्षं देवाला हात जोडत होते. आणि तो लावताना समोर दिसला तेव्हा माझा हात आपोआप मुलीच्या अंगावर गेला.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सरळच सांगितलं.

“त्याला ती आवडलीय.”

“मग? चांगलंच आहे की.”

“त्याला आवडलेली एक तरी वस्तू या घरात उरलीय का, बघ.”

त्याने खोलीभर नजर फिरवली. मग म्हणाला, बाळंतपणात बायकांच्या डोक्यात काहीबाही येतं, तू आराम कर. सासऱ्यांना मी खाडीवर जाणं बंद करायला सांगितलं. त्यांनी केलंही. पण संध्याकाळ झाली की मुलगा दारावर डोकं आपटायला लागला, तेव्हा ते पुन्हा त्याला घेऊन जायला लागले, फक्त रिकाम्या हाताने. मी मुलीला एक क्षण नजरेआड करत नव्हते. आंघोळीला गेले तरी दार अर्धवट उघडं ठेवत होते, आणि त्यावरूनही आत्या मला बोलली.

बाराव्या दिवशी बारसं होतं. बारशाला बाळ आणि बाळासारखंच सजवलेलं काहीतरी, असं दोन्ही पाळण्याच्या खालून-वरून एकीने दुसरीच्या हातात द्यायचं असतं. माझ्या माहेरी त्यासाठी वरवंटा घेतात. सासरी नारळ घेतात. त्या नारळाला आंघोळ घातलेली, हळद-कुंकू लावलेलं, वर टोपडं घातलेलं, आणि अंगाभोवती जरीकाठाचं लाल कापड. त्याच कापडाचा दुसरा तुकडा माझ्या मुलीच्या अंगावर होता. मी ते बघितलं आणि आत्याला म्हटलं, नारळ राहू दे, वरवंटा घेऊ. आत्या म्हणाली, “तुझा वरवंटा ठेव तुझ्या दादरला.” बायका हसल्या.

माझा मुलगा गर्दीच्या आवाजाने कानांवर हात ठेवून दाराशी उभा होता. पाळण्याखालून नारळ गेला. वरून बहीण गेली. पुन्हा नारळ, पुन्हा बहीण. मी त्याच्याकडेच बघत होते. हळूहळू त्याचे हात कानांवरून खाली आले.

नाव ठेवून झालं. नारळ बाळाशेजारी पाळण्यातच ठेवला, तशी रीत होती. दारं सताड उघडी होती, दोन्ही फ्लॅटमध्ये पंगती बसल्या होत्या. मला आत नेऊन जेवायला बसवलं. मी नवऱ्याला बजावलं होतं की मुलाचा हात सोडू नकोस, आणि त्याने तो धरलाही होता, पण वाढायला माणूस कमी पडला तेव्हा तो उठला. मला जेवण जाईना. मी बाहेर आले, तर आत्या पाळण्याची दोरी ओढत शेजारणीशी गप्पा मारत होती. मला बघून म्हणाली, केव्हाची झोपलीय, फार गुणाची आहे पोर.

मी पाळण्यात वाकून बघितलं. टोपड्यातून नारळाची शेंडी बाहेर आली होती. पाळण्यात दुसरं काही नव्हतं.

मी ओरडले नाही. शोधाशोधही केली नाही, कारण कुठे जायचं ते मला माहीत होतं. सासऱ्यांना एवढंच म्हटलं, बाबा, चला. खाली फाटकाशी वॉचमन खुर्चीवर बसला होता. “भाभी, वो अभी तो गया उधर, गुड्डी को लेके,” तो म्हणाला. “मुझे लगा दादाजी पीछे आ रहे हैं.”

बाळंतपणाचे टाके अजून ओले होते, पायात भरजरी साडी घोटाळत होती, तरी मी बांधावरून धावले. भरती होती. पाणी वरच्या पायऱ्यांपर्यंत चढलं होतं. माझा मुलगा पाण्यालगतच्या पायरीवर उभा होता, हात सरळ पुढे केलेले, आणि हातांवर लाल कापडात माझी मुलगी. ती जागी होती. तो अगदी स्थिर उभा होता आणि वाट बघत होता.

मुलगा जागेवर दिसेना म्हणून माझा नवरा दुसऱ्या फाटकाने माझ्याआधी पोचला होता. तो मागून मुलाला धरायला झेपावला आणि मला त्याचा हात त्या छोट्या खांद्याकडे जाताना दिसला.

“हात लावू नकोस! त्याच्या खांद्याला हात लावू नकोस!”

माझ्या घशातून असा आवाज कधी निघाला नव्हता. मिठागराच्या पलीकडच्या बांधावर पोचेल असा, सासरचा आवाज होता तो. नवरा जागच्या जागी थांबला. त्याला काही कळलं नव्हतं, पण सासऱ्यांना कळलं. ते मटकन खाली बसले.

ओढून घेता येत नव्हतं, ओढलं असतं तर तो तिच्यासकट पाण्यात गेला असता. बोलून उपयोग नव्हता. आणि त्याचे हात आता थरथरायला लागले होते. सहा वर्षांचा मुलगा किती वेळ ते ओझं धरणार? मी दगडाच्या कडेने पाण्यात उतरले. पाय चिखलात गेला, साडी जड झाली, पाणी छातीपर्यंत आलं. त्याच्या समोर, त्याच्या हातांच्या खाली जाऊन मी माझे दोन्ही हात वर केले.

“बाबा, आता ठेवा हात.”

“माझ्याच्यानं न्हाय व्हनार, पोरी.”

“तुमचाच हात त्याला माहिताय. ठेवा.”

ते सरकत सरकत त्याच्या मागे आले. मी त्यांच्या हाताकडे बघितलं नाही, मी फक्त लाल कापडाकडे बघत होते. माझ्या मुलाने दोन्ही हात उघडले आणि माझी मुलगी माझ्या हातांत पडली. कापडाचं एक टोक तेवढं भिजलं.

मग तो मागे वळला. आजोबांकडे बघितलं, बापाकडे बघितलं, बांधावर जमलेल्या पाहुण्यांकडे बघितलं. तो टाळ्यांची वाट बघत होता. कुणी वाजवल्या नाहीत. माझे हात भरलेले होते. तेव्हा त्याने स्वतःच वाजवल्या, आणि पाण्यात उभ्या असलेल्या माझ्याकडे बघून हसला.

नंतर बरंच काही झालं. आत्याला सगळ्यात मोठी काळजी, बाळंतीण गार पाण्यात उतरली याची. पाहुण्यांसमोर चार दिवस शोभा झाली, मग बैठक बसली. चेणे गावाच्या पुढे घोडबंदर रोडला अशा मुलांना कायमचं ठेवून घेणारी एक जागा आहे, नवरा ती बघून आला. म्हणाला, स्वच्छ आहे, बाग आहे, भोवती उंच भिंत आहे. मी म्हटलं, आपण सगळ्यांनी मिळून त्याला जे शिकवलं तेच त्याने केलं, आणि नेमकं केलं. घरातलं सगळ्यात लाडकं तो घेऊन गेला. तो कुठेही जाणार नाही. मला त्याची भीती वाटते. त्याच्यावर माझा जीवही आहे. या दोन्हींतलं एक कमी होईल म्हणून मी पुष्कळ वाट बघितली, पण तसं झालं नाही.

तेव्हापासून दाराला आतून कुलूप असतं आणि किल्ली माझ्या गळ्यात. घरात नारळ येत नाही. आमचं कालवण नारळाशिवाय होतं, आणि आत्या ते दवाखान्यातलं जेवण म्हणून नाक मुरडत खाते. सासरे आता कुणाच्याच खांद्यावर हात ठेवत नाहीत, बोलतानाही हात पाठीमागे बांधून ठेवतात. पूनम सागरच्या बाई खांद्याची सवय मोडायचा प्रयत्न करतायत. तो आता पाण्याचं कार्ड उचलून दाखवतो, पोळीचंही दाखवतो. पण खांदा विसरलेला नाही. भरती चढली की तो खिडकीशी जाऊन उभा राहतो, आणि आमच्या खिडकीतून खाडी दिसते.

माझी मुलगी आता दोन वर्षांची होईल. ती या घरावर गेलीय, दिवसभर तोंड चालू, आणि तेही वरच्या पट्टीत. तो रोज सकाळी तिच्या टाळूवर नाक टेकवतो. तिला त्याच्या हातातलं बिस्किट हवं असलं की ती बसलेल्या भावाच्या मागे जाते आणि त्याच्या खांद्यावर आपला चिकट हात ठेवते. तो मूठ उघडतो. हे तिला कुणी शिकवलं नाही. सगळ्यांना त्याचं भारी कौतुक आहे. सासरे मात्र ते बघून खोलीतून उठून जातात.

परवाच्या रविवारी दुपारी मी कपड्यांच्या घड्या घालत होते. भरती होती, तो खिडकीशी होता. ती दुडूदुडू त्याच्याकडे गेली. त्याने वाकून तिला दोन्ही हातांनी उचललं, हात सरळ पुढे केले आणि स्थिर उभा राहिला. खिडकीला जाळी आहे, समोर पाणी नव्हतं, खाली गादी होती, हे सगळं मला दिसत होतं. तरी मी घड्या तुडवत गेले आणि तिच्या खाली हात धरून उभी राहिले. तिला वाटलं, दादा खेळतोय. ती खिदळली, आणि त्याने सोडावं म्हणून तिने हात लांब केला, त्याच्या खांद्याकडे. हात पोचला नाही. अजून पोचत नाही.